बिनतारी शेजार : वऱ्हाडातल्या सदनिका आणि राउटरची निवड

१

गेल्या उन्हाळ्यात आमचे एक सहकारी अकोल्याच्या जुन्या वस्तीतले वडिलोपार्जित घर सोडून गोरक्षण रोडवरच्या एका सदनिकेत राहायला गेले. मराठीचे अध्यापक असल्यामुळे त्यांच्या सामानात पुस्तकांची खोकी अधिक आणि यंत्रे कमी होती. तरीही घर लागल्यावर त्यांनी आम्हांला विचारलेला पहिला प्रश्न पुस्तकांच्या कपाटाविषयी नव्हता. ‘राउटर कोणता घ्यावा?’ असा तो प्रश्न होता. दुकानदाराने त्यांच्यापुढे पाच-सहा नमुने मांडले होते. कोणाला दोन शिंगे, कोणाला चार, कोणाला सहा. जास्त शिंगांचा तो जास्त चांगला, एवढेच ज्ञान घेऊन ते रिकाम्या हाताने परतले होते.

आमच्यापैकी एक जण अमरावतीत राहतो आणि दुसरा अकोल्यात. यंत्रविद्येत आम्हां दोघांनाही गती नाही, तेव्हा उत्तर देण्याचा आमचा अधिकार मर्यादितच. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला एक सवय जडलेली असते. एखादी वस्तू समोर आली की तिचे नाव कोठून आले आणि ती येण्यापूर्वी तिच्या जागी काय होते, हे तो आधी पाहतो. त्या सवयीने पाहू लागलो तेव्हा आमच्या लक्षात आले की, सदनिकेत राउटर निवडणे हा वेगाचा प्रश्न फार थोडा आहे. बव्हंशी तो शेजाराचा प्रश्न आहे, आणि वऱ्हाडाला तो निरनिराळ्या रूपांत दीडशे वर्षांपासून परिचित आहे.

२

‘बिनतारी’ हा शब्द मोठा लक्षणीय आहे. वस्तूत काय आहे हे तो सांगत नाही, काय नाही ते सांगतो. ज्या समाजाने आधी तार पाहिली, त्यालाच असा शब्द सुचतो. वऱ्हाडाने तार पाहिली ती आगगाडीबरोबर. १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकी यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व मोल आले. १८६७मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग अकोला, बडनेरा असा नागपूरपर्यंत पोचला. १८७०मध्ये मुंबई आणि इंग्लंड समुद्राखालच्या तारेने जोडले गेले. लिव्हरपूलचा भाव इथल्या बाजारात कळायला आता जहाजाची वाट पाहावी लागत नव्हती.

या इतिहासातली एक गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मुख्य लोहमार्ग अमरावती शहरात शिरला नाही. तो सुमारे १० किलोमीटरवरच्या बडनेऱ्याहून गेला आणि शहरासाठी वेगळा फाटा काढावा लागला. मोठी वाट दारावरून जाते, पण घरात येण्यासाठी शेवटचा तुकडा स्वतंत्रपणे जोडावा लागतो, हा अनुभव अमरावतीकरांना तेव्हापासूनचा आहे. आज इमारतीच्या जिन्यापर्यंत काचतंतूची वाहिनी येऊन थांबते आणि आतल्या खोलीत मात्र चित्र गोल गोल फिरत राहते, तेव्हा तो बडनेऱ्याचाच प्रश्न असतो. राउटर म्हणजे घरातल्या घरात काढलेला तो फाटा.

तार घरात येत नसे, तारवाला येई. ‘तार आली’ हे शब्द ऐकताच बायाबापड्यांच्या पोटात गोळा उठे. तार वाचून दाखवणारा बहुधा शेजारीच असे. दुसऱ्याच्या घरातली सगळ्यांत खासगी बातमी पहिल्यांदा त्यालाच कळायची, आणि यात कोणाला काही वावगे वाटत नसे. जुलै २०१३मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली, तोवर तो शेजारीही बदलून गेला होता.

३

भिंतीपलीकडे तारेशिवाय संदेश जातो, हे जगदीशचंद्र बसूंनी कोलकात्यात १८९५च्या सुमारास प्रयोगाने दाखवले होते. त्यांच्या लहरींनी भिंती ओलांडून पलीकडची घंटा वाजवली. भारतीय घरांत मात्र बिनतारी आली ती घंटा वाजवायला नव्हे, तर गाणी, बातम्या आणि बाजारभाव ऐकवायला. १६ जुलै १९४८ रोजी नागपूरचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि वऱ्हाडातल्या ओसरीला एक नवा सोबती मिळाला. ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या ओसरीत गल्ली. ऐकण्यासाठी कोणी कोणाची परवानगी मागत नसे.

परवानगी होती ती सरकारची. १९३३च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी अॅक्टने बिनतारी यंत्र बाळगण्यासाठी परवाना आवश्यक केला होता. रेडिओच्या परवान्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत चालू होती आणि आमच्या पिढीतल्या अनेकांनी घरच्या कागदपत्रांत ती पुस्तिका पाहिलेली आहे. रेडिओ तर केवळ ऐकणारे यंत्र. राउटर ऐकतो आणि बोलतोही. काटेकोरपणे पाहिले तर तो एक लहानसा प्रक्षेपक आहे. नागपूरला एक केंद्र होते. आज सोळा सदनिकांच्या इमारतीत सोळा केंद्रे एकाच वेळी बोलत असतात. १९३३च्या कायद्याला ही कल्पना झेपली नसती. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला तो जानेवारी २००५च्या अधिसूचनेने. योगायोग असा की भारत संचार निगमची ‘डेटावन’ ही ब्रॉडबँड सेवाही त्याच महिन्यात सुरू झाली. सदनिकेतल्या राउटरचा आपल्याकडचा इतिहास त्या महिन्यापासून मोजायला हरकत नाही.

४

त्याआधीचा काळ दूरध्वनीचा. नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्या काळातल्या लग्नपत्रिका आणि भेटपत्रे ज्यांनी जपून ठेवली असतील त्यांनी ती काढून पाहावीत. क्रमांकापुढे कंसात ‘पी. पी.’ अशी अक्षरे दिसतील. त्यांचा अर्थ एवढाच की हा फोन आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे. कृपया आम्हांला बोलावून घ्यावे. ज्याच्या घरी फोन असे तो दिवसातून दहादा गॅलरीत येऊन हाका मारी. आपल्या वाङ्मयाने या दोन अक्षरांची घ्यावी तशी दखल घेतलेली नाही असे आम्हांला वाटते. दुसऱ्याचे साधन आपल्या नावापुढे उघडपणे छापण्यात त्या समाजाला कमीपणा वाटत नव्हता.

पुढे त्याच फोनच्या तारेला मोडेम जोडला गेला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आंतरजाल सर्वसामान्यांसाठी खुले केले. अमरावती-अकोल्याच्या घरांत ते पोचायला आणखी काही वर्षे गेली. मोडेमचे काम दुभाष्याचे. संगणकाची भाषा तारेला कळत नाही, तारेची संगणकाला कळत नाही; हा दोघांच्या मध्ये बसून सतत भाषांतर करतो. राउटरचे काम वाटाड्याचे. आलेला मजकूर घरातल्या कोणत्या यंत्राकडे न्यायचा ते तो ठरवतो. दुभाषी, वाटाड्या आणि प्रक्षेपक हे तिघे एकाच डबीत राहू लागले तेव्हा तिला ‘वायरलेस मोडेम राउटर’ हे लांबलचक नाव मिळाले.

हा फरक खरेदीच्या वेळी उपयोगाचा आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. फोनच्या तांब्याच्या तारेवर इंटरनेट येत असेल तरच मोडेम असलेला राउटर लागतो. काचतंतूवर दुभाष्याचे काम करणारी वेगळी पेटी कंपनीच बसवते, तिला ओ. एन. टी. म्हणतात. पुष्कळदा तिच्यातच राउटरही असतो आणि नवे काही घ्यावे लागतच नाही. केबलवाल्याने इमारतीत आणलेल्या जाड संगणकी तारेला मोडेमरहित राउटर पुरतो. आमच्या ओळखीच्या दोघांनी जुन्या नावाच्या मोहाने तांब्याच्या तारेचा मोडेम विकत घेतला. काचतंतूची जोडणी त्याला लागेचना. वस्तू बदलल्यावरही शब्द मागे रेंगाळतो, हे भाषेच्या अभ्यासकांना सांगायला नको. बाजारात त्याची किंमत मोजावी लागते एवढेच.

५

रेडिओच्या ओसरीचे आणि ‘पी. पी.’चे हे शेजारपण पुढे कोठे हरवले? सदनिकांच्या भिंतींना दोष देणे सोपे आहे. पण बिनतारी लहरींना तर भिंती अडवत नाहीत. सुरुवातीची काही वर्षे कित्येकांचे राउटर कुलपावाचून उघडेच होते आणि वरच्या मजल्याचे इंटरनेट खालचा निर्धास्तपणे वापरत होता. मग जुलै २००८ उजाडला. अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या वेळी धमकीचा जो ई-पत्रव्यवहार झाला, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेतल्या बिनतारी जोडणीवरून गेल्याचे तपासात निघाले. जोडणी ज्याच्या नावावर होती त्याची चौकशी झाली; ती उघडी असल्याने बाहेरच्याने वापरल्याचे पुढे आले. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईतल्या आणखी जोडण्यांचा असाच गैरवापर झाला. २००९मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षेविषयी सूचना काढल्या. पासवर्ड ही सोय राहिली नाही, जबाबदारी झाली.

हे योग्यच झाले. आजही राउटर घेताना पहिली पाहायची गोष्ट हीच. डब्ल्यू. पी. ए. २ किंवा २०१८नंतर आलेले डब्ल्यू. पी. ए. ३ या प्रकारचे कुलूप त्यात असावे, डब्ल्यू. ई. पी. हे जुने कुलूप २००१ सालीच मोडून दाखवले गेले आहे. खोक्यावर छापून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. परंतु कुलपाबरोबर संशयही घरात येतो. आमच्याही आला, आणि तो प्रसंग सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

६

२०२०च्या टाळेबंदीत आमचे अमरावतीचे घर हाच वर्ग झाला होता. फेब्रुवारी २०२१मध्ये राज्याचे लक्ष इतरत्र असताना अमरावती आणि अकोल्यात साथ पुन्हा उसळली आणि कडक निर्बंध आले. इमारतीतली सगळी माणसे पुन्हा आत. संध्याकाळच्या तासाला आमचा आवाज तुटू लागला. विद्यार्थी म्हणत, ‘सर, तुम्ही मधातच थांबता.’ आम्ही कारण शोधू लागलो आणि ते आम्हांला फार लवकर सापडले. वाहनतळातल्या खोलीत राहणाऱ्या चौकीदाराची मुलगी रोज संध्याकाळी आमच्या मजल्याखालच्या जिन्यावर मोबाइल घेऊन बसत असे. ती बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. ही आपले नेट वापरते आहे, हे आमच्या मनाने पक्के केले. तिला विचारावे असे मात्र सुचले नाही. रात्री आम्ही पासवर्ड बदलून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी होती. ‘सर, आज पेपर आहे. नेट लागून नाही राहिलं. पासवर्ड काकूंनीच दिला होता.’ खाली वाहनतळात तिच्या मोबाइलला रेंज नव्हती. घरातूनच तिला पासवर्ड मिळाला होता आणि आम्हांला ते सांगण्याइतके महत्त्वाचे कोणालाच वाटले नव्हते. ‘पी. पी.’च्या काळातल्या माणसाला त्यात सांगण्यासारखे खरोखरच काही नव्हते. आम्ही नवा पासवर्ड दिला, तिने जिन्यावर बसून पेपर दिला. आमची मान मात्र दिवसभर वर झाली नाही.

त्या संध्याकाळी आवाज पुन्हा तुटला. ती तर जिन्यावर नव्हतीच. मग आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या फोनवर इमारतीतल्या लहरींचा आलेख काढून दाखवला. आमचा राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलणारा होता. या पट्ट्यात आपल्याकडे १३ वाहिन्या आहेत, पण एकमेकींवर न चढणाऱ्या अशा तीनच : १, ६ आणि ११. त्या तीन वाटांवर सोळा घरे दाटली होती, आणि त्यांतली नऊ एकाच वाटेवर. एक राउटर बोलत असताना त्याच वाटेवरचे इतर थांबतात, अशी या यंत्रांची शिस्त आहे. संध्याकाळी सगळेच बोलू लागले की थांबणे वाढते. दोष कोणा एकाचा नव्हता. आम्ही चोर शोधत होतो. होती ती केवळ गर्दी.

७

तात्पर्य, सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर या क्रमाने तयार झाले.

राउटर दोन पट्ट्यांचा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असा दोन्हींवर चालणारा असावा. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची. ती भिंती बऱ्यापैकी ओलांडते, म्हणूनच शेजाऱ्याकडेही जाते. दुसरीची साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. ती भिंतीशी लवकर थकते, पण तिथे वाटा पुष्कळ आहेत. सदनिकेत हे थकणे हा दोष नसून गुण आहे. आपले बोलणे आपल्या घरात राहते. शिंगांची संख्या पाहून भुलू नये. तीन खोल्यांना सहा शिंगांचा राउटर म्हणजे दिवाणखान्यात लावलेला लग्नाचा कर्णा. राउटरच्या मांडणीत प्रक्षेपणाची शक्ती कमी करण्याची सोय असेल तर ती वापरावी. इंटरनेटची योजना १०० मेगाबिटांच्या वरची असेल तर राउटरची तारेची खोबणी गिगाबिटची आहे ना, हेही पाहावे. नाहीतर घेतलेला वेग उंबऱ्यावरच अडतो.

जागा निवडताना वऱ्हाडाचा उन्हाळा विसरू नये. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंतच्या तापमानाची हमी बहुधा असते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवर किंवा बंद कपाटात ठेवलेल्या राउटरने मान टाकली तर नवल नाही. आणि आपला कूलर! खिडकीत बसवलेली ती पत्र्याची पेटी, आत पाणी आणि भिजलेला वाळा. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषते. कूलर आणि लोखंडी कपाट यांच्या मध्ये राउटर ठेवून पलीकडच्या खोलीत इंटरनेटची अपेक्षा करणे व्यर्थ. घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा. भारनियमनाची सवय ज्यांना आहे त्यांना बॅटरीचे वेगळे सांगायला नको. राउटरबरोबर कंपनीची पेटीही बॅटरीवर हवी, एवढे मात्र लक्षात ठेवावे; वाटाड्या जागा आणि दुभाषी झोपलेला, अशी अवस्था उपयोगाची नाही.

शेवटची गोष्ट आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. आजच्या बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ नावाची सोय असते. पाहुण्यांसाठी वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड. त्यावरून आलेल्याला इंटरनेट मिळते, पण घरातल्या संगणकांत आणि कागदपत्रांत डोकावता येत नाही. त्याचा वेग आपण ठरवू शकतो, वेळही ठरवता येते. हे वाचताना आम्हांला आमच्या आजोळचे धाब्याचे घर आठवले. जाड मातीच्या भिंती, आत माजघर, आणि पुढे रस्त्याला लागून ओसरी. ओसरीवर कोणीही टेकावे, पाणी मागावे, रेडिओ ऐकावा. माजघरात मात्र ओळखीशिवाय पाऊल पडत नसे. आत किती घ्यायचे आणि बाहेर कोठवर बसू द्यायचे, याचा निर्णय त्या घराच्या रचनेतच झालेला होता. सदनिकेच्या नकाशात ओसरी उरली नाही. दार उघडले की थेट दिवाणखाना, आणि लावले की थेट जिना. मधला टप्पाच नाहीसा झाला, आणि त्याबरोबर संशय आणि सलगी यांच्या मधली जागाही. २००८ने आम्हांला दार लावायला शिकवले ते आवश्यकच होते. दार लावल्यावर ओसरीचे काय करायचे, हे मात्र कोणी शिकवले नाही.

ही ओसरी वाटेल त्याला उघडी ठेवावी असे आम्ही म्हणत नाही. जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्याकडेच पहिली विचारणा होते. तेव्हा पासवर्ड द्यायचा तो नाव-गाव माहीत असलेल्यालाच. पण नाव-गाव माहीत करून घेण्याचे निमित्त तरी त्यातून मिळते. चौकीदाराच्या त्या मुलीचे नाव आम्हांला तोवर ठाऊक नव्हते. ती तीन वर्षे आमच्याच इमारतीत राहत होती.

आमच्या सहकाऱ्यांनी शेवटी दोन शिंगांचा, दोन पट्ट्यांचा, मध्यम किमतीचा राउटर घेतला. बैठकीच्या पूर्वेकडच्या भिंतीवर, कूलरपासून दूर, तो बसवला आहे. परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा आमच्या फोनवर त्यांच्या घरची दोन नावे दिसली. एक इंग्रजी अक्षरांचे, कंपनीने दिलेले. दुसऱ्याखाली लिहिले होते : ‘ओसरी’. पासवर्ड विचारला तर म्हणाले, ‘आधी पाणी घ्या, मग सांगतो.’